चार दहाची गाडी

केरू बंडबे अठ्ठावीस वर्षं परळच्या रेल्वे कारखान्यात सुतार होता. डब्यांची बाकं, खिडक्यांच्या झडपा, दारांच्या चौकटी, किती त्याच्या हाताखालून गेल्या ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आणि त्याच्या बायकोने, राहीने, रेल्वे म्हणून कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. रत्नागिरीच्या बाहेर सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळाच्या, कडेला त्यांची वाडी, तिथे काय ती यष्टी येणार. रजा संपवून केरू निघाला की राही दर खेपेला विचारायची, "आवं, मला कवा न्याल?" केरूचं उत्तर ठरलेलं असायचं. "रेल्वे येतेय आपल्याकडं. गाडी आली की नेतो तुला."

उत्तर मोठं सोयीचं होतं. लालबागच्या एका खोलीत पंधरा गाववाले वळकट्या टाकून राहायचे, तिथे बायको कुठे ठेवणार? पण हे सांगायची केरूला लाज वाटायची, आणि रेल्वेचं कसं, सगळं सरकारवर ढकलता यायचं. यष्टी वळणाआड जाईपर्यंत राही थांब्यावर एक हात वर करून उभी असायची. केरू मागच्या खिडकीतून बघायचा आणि मग तंबाखू काढायचा.

केरू निवृत्त होऊन गावी आला आणि दोन वर्षांनी, शहाऐंशी साली, खरोखरच रेल्वेच्या मोजणीवाली माणसं सड्यावर आली. तिकाटण्यांवर दुर्बिणी लावल्या, साखळ्या ओढल्या, जांभ्यावर चुन्याचे पट्टे मारले. साखळी धरणाऱ्या एकाला केरूने चहा पाजून पाजून विचारून घेतलं, की स्टेशन आलंच तर ते साधारण कुठे यावं. त्या माणसाने हात लांब करून सडा दाखवला. केरूला तेवढं पुरलं. त्या वर्षी घरच्या गणपतीला रत्नागिरी स्टेशनची आरास करायची असं त्याने ठरवून टाकलं.

पण आरास करायची तर बसल्या जागी कल्पना लढवून चालायचं नाही, हा केरूचा कारखान्यातला हट्ट. डबा त्याला आतून पाठ होता. चालती गाडी मात्र त्याने कधी नीट पाहिलीच नव्हती. म्हणून पावसाच्या तोंडावर तो यष्टीने कोल्हापूरला गेला आणि स्टेशनच्या बाकावर वही घेऊन दोन दिवस बसला. इंजिनामागे डबे किती, फलाटाची उंची केवढी, पाटी कशी रंगवतात, वेळापत्रकावरून गाडी पुढे कुठे किती मिनिटं थांबते, हमाल उभा कसा राहतो, सगळं लिहून काढलं. असा तो तीनदा जाऊन आला.

तिसऱ्या खेपेला राहीने भाकरी वाढता वाढता विचारलं, "कोल्लापूर किती लांब हाय?"

"पाच-सा तास."

"आनि तिथनं रेल्वे जाते मुंबयला?"

"जाते की. रोज जाते." बोलून झाल्यावर केरूचा घास तोंडातच राहिला. राहीने आमटी वाढली आणि ती चुलीपाशी जाऊन बसली. केरूला त्या दिवशी मान वर करवली नाही, आणि मग भरपाई म्हणून की काय, तो आराशीला दुप्पट जोमाने लागला.

आरास झाली मात्र बघण्यासारखी. शिवणीच्या लाकडाचे सात डबे, जुन्या छत्र्यांच्या काड्यांचे रूळ, जांभ्याच्या कपच्यांचा फलाट, आणि पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत रत्नागिरी. मागे दोरा गुंडाळायचं रीळ होतं. ते फिरवलं की गाडी आत यायची, थांबायची, निघून जायची. केरूने तिची वेळही ठरवली, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. गणपतीच्या मातीतून त्याने बोटाएवढ्या दोन बाहुल्या केल्या, एक धोतर-टोपीतला आणि एक नऊवारीतली, आणि तिसऱ्या डब्यात खिडकीशी शेजारी शेजारी बसवल्या. "हे बघ, ही तू आनि हा मी," त्याने राहीला दाखवलं. राहीने वाकून बघितलं आणि ती म्हणाली, "ब्येस हाय."

विसर्जन झालं तरी केरूने आरास मोडली नाही. आरास ठेवू नये, देव गेला की त्याची जागा रिकामी करावी, असं वाडीतल्या गंगुबाईने दोनदा सांगितलं. केरूने ऐकलं नाही. उलट तो देवळात गेला आणि बाबू गुरवाला म्हणाला, "देवीला कौल लावायचा हाय."

बाबूने पाषाणाला पाणी घातलं, दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. केरूने विचारलं, रेल्वे येईल काय? उजवी कळी अशी झटकन पडली की बाबूही हसला. मग केरूने दुसरा कौल मागितला. "गाडी आली की आमी दोघं तीत बसू काय?"

"एका कौलात दोन मानसं घालू नको, केरू," बाबू म्हणाला. "एका येळेला एकच इचारावं."

"आमी काय दोन हाव? लाव तू."

कळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. मग डावी पडली. बाबूने ती उचलली आणि तो हलक्या आवाजात म्हणाला, "आता कोन बसनार नि कोन ऱ्हानार, ते इचार." केरूने तो कौल मागितलाच नाही. नारळ ठेवून तो तसाच घरी आला, आणि कौलाचं राहीला त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आराशीवरची चादर काढली तर धोतरवाला बाहुला डब्यात नव्हता. तो फलाटावर उभा होता, गाडी जाते त्या दिशेला तोंड करून. नऊवारीतली बाई खिडकीशी एकटीच होती. मांजराचं काम असणार म्हणून केरूने त्याला पुन्हा डब्यात बसवलं. तिसऱ्या दिवशी बाहुला पुन्हा फलाटावर. केरूने पडवीचं दार लावून घेतलं, आराशीभोवती चुलीतली राख पसरली. सकाळी राख जशीच्या तशी होती, त्यावर उंदराचंसुद्धा पाऊल नव्हतं, आणि बाहुला फलाटावर होता. त्याच जागी, तसाच.

केरू घाबरला. एक जाणार, एक राहणार, हे देवीने सांगितलं होतंच. आता कोण जाणार तेही तिने न विचारता दाखवलं, असा त्याने अर्थ लावला. राहीला गेल्या पावसापासून धाप लागत होती. त्याने रीळ काढून फडताळात टाकलं. गाडी चाललीच नाही तर कोण कसं जाईल, असं त्याचं साधं गणित होतं.

दोन दिवसांनी दुपारी चारच्या सुमाराला तो सड्यावर मोजणीच्या दगडापाशी गुरं बघत उभा होता. ऊन लख्ख होतं, गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं. आणि त्याला शिट्टी ऐकू आली. लांब, दोनदा. कोल्हापूरच्या बाकावर बसून त्याने वहीत लिहिली होती, तशीच. सड्यावर उघडा जांभा आणि चुन्याचा पट्टा, दुसरं काही नव्हतं. पायांखाली मात्र दगड थरथरल्यासारखा वाटला. केरू धावतच घरी आला. राही घरापुढच्या खळ्यात कपाळावर हात धरून सड्याकडेच बघत होती.

"आज येळेवर आली," ती म्हणाली.

केरू ओट्यावर बसला. मग त्याच्याच्याने राहवेना. कौल, राख, बाहुला, सगळं त्याने एका दमात सांगून टाकलं. लालबागच्या खोलीचंसुद्धा सांगितलं. त्याचं झाल्यावर राही म्हणाली, "पयल्या दिशी बाहुला मीच ठेवला खाली. म्हटलं, एकदा तुमी बघा हुबं ऱ्हावून कसं वाटतं."

केरूच्या जिवात जीव आला. "म्हंजे रोज तूच?"

"नाय. पयल्या दिशीच." राहीने पदराने तोंड पुसलं. "मंग मला काय करावंच लागलं नाय."

त्यानंतर केरूने वेळ काढला नाही. मरायचीच असेल तर तिने रेल्वे बघून मरावं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. मुंबईत मुलगा, बाळा, आता बायकोसह स्वतःच्या खोलीत राहत होता. त्याला तार केली. राहीने तोंडात आवळासुपारी धरून घाट पार केला, तिला ना मळमळलं ना धाप लागली. कोल्हापूरला धर्मशाळेत मुक्काम करून सकाळी दोघं मुंबईच्या गाडीत बसली. राही खिडकीशी, केरू शेजारी. राहीने बाकाच्या लाकडावरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्ये तुमी केलंत?" त्याने केलेलं नव्हतं, पण तो हो म्हणाला. गाडी हलली तेव्हा ती लहान मुलीगत हसली. दोघं बसली होती, एकाच बाकावर. कौल खोटा पडला, असं केरूला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

मधल्या एका स्टेशनात तो तांब्या घेऊन पाण्याला उतरला. गाडी तिथे दहा मिनिटं थांबते हे त्याच्या वहीत तीनदा लिहिलेलं होतं. तांब्या अर्धा भरला आणि शिट्टी झाली, लांब, दोनदा. केरू वळला. धावला असता तर डबा मिळाला असता, एवढी ताकद त्याच्या पायांत होती. पण पाय फलाटाला चिकटले होते. राही खिडकीतून बघत होती. तिने हाक मारली नाही, गाडी थांबवायच्या साखळीकडेही पाहिलं नाही, फक्त एक हात वर केला. केरूचाही हात वर गेला, आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत तो खाली आला नाही.

मागची गाडी न धरता तो तसाच घरी परतला. आराशीत तिसरा डबा रिकामा होता. नऊवारीतली बाई त्याने पडवीभर शोधली, ती सापडली नाही. बाहुला मात्र जागेवर होता. केरूने त्याचे दोन्ही हात अंगाशी चिकटवून केले होते, हे त्याला पक्कं आठवत होतं. आता एक वर होता.

पंधरा दिवसांनी बाळाचं कार्ड आलं. आई सुखरूप पोचली, दादरला उतरवून घेतली, धाप अजिबात नाही, सुनेशी छान जमलंय. केरूने देवीला नारळ दिला आणि उलट टपाली लिहिलं, आईला कधी पाठवतोस, मी न्यायला येऊ काय? उत्तर यायला महिना लागला. बाळाने लिहिलं होतं, "तुम्ही येऊ नका असं आई म्हणते. तुम्हाला सांगायला सांगितलंय की, रेल्वे येतेय आपल्याकडं. गाडी आली की येते."

केरूने कार्ड दोनदा वाचलं. मग फडताळातून रीळ काढलं, दोरा लावला आणि घड्याळाकडे बघितलं. चारला पाच मिनिटं कमी होती.