पौडचा उकळता चहा

पौडच्या एसटी थांब्यासमोर एका गृहस्थांचे पत्र्याचे हॉटेल होते. त्यांचे नाव मी विचारले नाही. दुपारच्या पुण्याच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांचा चहा घेतल्याशिवाय निघत नसे.

त्या दिवशी तहसील कचेरीतली सुनावणी लांबली. ती गाडी चुकली असती तर बातमी राहिली असती आणि माझी वार्ताहराची नवी नोकरीही गेली असती. धावत आलो, तर गाडी उभीच होती.

"मालक, चा करताय का काढा?" ड्रायव्हर ओरडत होता.

मला पाहताच त्यांनी चहा गाळला. मला हळूच म्हणाले, "सकाळी तुमी हितंच उतरला हुता. परत जायाला नगं व्हय?"

पुढे मी पुण्यातल्या हॉटेलांवर पुष्कळ लिहिले. उत्तम चहा कुठला, असे कोणी विचारले की पौडचा सांगतो. तो चहा ड्रायव्हरने प्यायला होता, मी नव्हे.