तीन पेनांचे सर

आमच्या लातूरच्या कॉलेजातले ते सर डिजिटल लायब्ररीवर पीएचडी करत होते. विद्यार्थी इंटरनेट किती वापरतात, हा विषय. दुपारी ग्रंथालयातल्या माझ्या काउंटरवरून संगणक-खोलीची चावी न्यायचे आणि आत दार लोटून बसायचे. खिशात कायम तीन पेनं, निळं, काळं, हिरवं. विद्यार्थ्यांनी भरायचे सर्वेक्षणाचे फॉर्म स्वतःच भरायचे, दर फॉर्मला पेन बदलून. एकदा मी टोकलं, तर म्हणाले, "ताई, लेकरं दिवसभर क्लासला पळायलेत. फॉर्म भरायला टाइम कुणाला हाय?"

चावी मीच द्यायचे, याचा संताप अजून जात नाही.

एके दिवशी औशाहून एसटीनं येणारी एक मुलगी दारात उभी राहिली. "सर, प्रवेशाचा अर्ज भरायचाय. आज शेवटची तारीख हाय. एक कम्प्युटर द्या की."

सर खेकसले, "इथं संशोधन चालू हाय, दिसत न्हाई का? बाहेर कॅफेत जा!"

ती गेली. मी तणतणत आत शिरले. सगळ्या संगणकांवर कव्हरं तशीच होती. सरांनी हिरवं पेन उचललं आणि पुढच्या फॉर्मवर 'संगणक वापरताना येणाऱ्या अडचणी' यासमोर सुवाच्य अक्षरात लिहिलं: काहीही नाही.