चढावर चालू राहिलेला एसी

गाडी माझ्या नावावर आहे आणि चालवतेही मीच, पण ती निवडली माझ्या सासूबाईंनी. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांना क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे आजही सांगता यायचं नाही. गाडीत बसल्या की आधी चपला काढतात, देवळात शिरल्यासारख्या. तरी त्या दिवशी महाडच्या शोरूममध्ये त्या सोबत नसत्या, तर मी चुकीची गाडी घेऊन आले असते आणि माझ्या आईचा डोळा गेला असता. म्हणून आधी आत्या, मग बाकीचं.

मी पोलादपूरकडची, कशेडीच्या पायथ्याच्या एका वाडीतली. सातवीनंतरची शाळा लांब पडायची, म्हणून शाळा सुटली, ती सुटलीच. लग्न होऊन गेले ते थेट गुजरातमध्ये, वापीला. सासर म्हणायला महाडजवळच्या दासगावचं, पण हे तिकडे कंपनीत शिफ्टला. आम्ही सासू-सुना मिळून खानावळ चालवतो. भाजी मार्केटातून आणायची म्हणून मी गाडी शिकले. मुळात मी भित्री. उतरल्यावर हँडब्रेक ओढलाय का ते बघायला परत दार उघडणारी.

आई एकदा नातवाच्या वाढदिवसाला वापीला आली होती. जेवताना म्हणाली, "भाकरीची कड दिसते गो, मधलं काय दिसत नाय." आम्ही हसलो. मग लक्षात आलं, ती थट्टा करत नव्हती. दुसऱ्या दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज होती. दर महिन्याला डोळ्यात सुई द्यावी लागेल, आणि एकही चुकवायची नाही, असं त्यांनी सांगितलं. चुकली तर गेलेली नजर परत येत नाही.

आता कुणीही म्हणेल, मग आईला वापीलाच ठेवायचं. पण आमच्याकडे आईबाप लेकीच्या दारात मुक्काम टाकत नाहीत. दोन रात्री राहायची, त्यासाठीसुद्धा आई पिशवीतून स्वतःचे तांदूळ घेऊन यायची. "लेकीचं खाल्लं असं नको व्हायला." डॉक्टरही तिला हेच हवे होते, दुसरीकडे सुई घेईना. म्हणजे दर महिन्याला वापीहून निघायचं, आईला आणायचं, सुई झाली की परत सोडायचं. मनोरचा चढ, घोडबंदर, पनवेल, पेण, सुकेळीची खिंड, महाड, पोलादपूर. सगळा हायवे. खानावळ तेवढे दिवस शेजारीण बघायची आणि आत्या माझ्या सोबतीला यायच्या.

जुनी गाडी छोटी, सीएनजीची. डिकीत सिलेंडर, त्यामुळे दासगावचा तांदूळ सीटवर आणि माणसं त्याला टेकून. आमच्या घरात एक कायदाच होता: चढ आला की एसी बंद. कुणी सांगायचं नाही, ज्याचा हात जवळ असेल त्यानं बटण दाबायचं. मग गाडी जरा जोर धरायची.

एकदा आईला घेऊन येताना मनोरच्या चढावर मी एका ट्रेलरला ओव्हरटेक करायला गेले. निम्मी पुढे गेले आणि गाडीचा जीवच संपला. तिसऱ्यावरून दुसरा गिअर टाकला, एसी बंदच होता, पाय तळाला टेकला, तरी पुढे सरकेना. डावीकडे ट्रेलरची माझ्या खांद्याएवढी चाकं आणि मागून एक लक्झरी डिपर मारतेय, हॉर्न दाबून धरलाय. पुढे जाता येईना, मागे येता येईना. किती वेळ तशी चालवली कुणास ठाऊक. शेवटी ट्रेलरवाल्यालाच दया आली, त्यानं वेग कमी केला.

आईला मधलं दिसत नव्हतं, पण कडेचं सगळं दिसत होतं. ती चाकं तिच्याच बाजूला होती.

 पुढच्या महिन्यात न्यायला गेले, तर आई ओटीवरून उठेचना. "मी नाय यायची. डोळा गेला तर गेला. माझ्यापायी तुझा जीव नको."

"आई, डॉक्टर काय म्हणालेत?"

"डॉक्टर बसला व्हता काय त्या चाकाशेजारी?"

ती सुई चुकली. मी एकटी परत आले आणि वाटेत प्रत्येक ट्रकच्या मागे मुकाट राहिले.

मग ठरवलं, गाडी बदलायची. जो तो मला एकच विचारायचा, अॅव्हरेज किती? हेसुद्धा तेच. मी फोनवर फोटो बघून बघून एक गाडी मनाशी धरली होती: पांढरी, उंच, सात जणांची. गावात उभी राहिली तर दिसली पाहिजे, असंही मनात होतं, खोटं कशाला बोलू. नव्या भाताचा तांदूळ आणायला दासगावला गेलो होतो, तेव्हा म्हटलं महाडच्या शोरूममध्ये बघूनच येऊ. आत्यांची अट एकच, नंबर आपला रायगडचा पाहिजे.

शोरूममध्ये टाय लावलेले एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी बीएचपी, टॉर्क असं बरंच सांगितलं. मी मान हलवत राहिले, कळत काहीच नव्हतं. मग म्हणाले, "चला मॅडम, पुलापर्यंत चक्कर मारून या."

आत्या म्हणाल्या, "आमचा तांदूळ ठेवा आधी गाडीत."

"कशाला, आजी?"

"आमची गाडी कधी रिकामी जात नाय. मग रिकामी बघून काय करू? आनि पुलापर्यंत नको, कशेडीच्या चढावर नेऊ."

"आजी, टेस्ट ड्राइव्ह तेवढी लांब नसते हो. परवानगी नाही."

"गाव कुठलं, दादा, तुझं?"

"वरंधच्या अलीकडं."

"अगो बाय! माझ्या थोरल्या जावेचं माहेर. कुणाचा तू?" आणि मग आत्यांनी त्या गृहस्थांच्या आजोबांपर्यंतची नाती लावली. "मग आजी काय म्हनतोस? मावशी म्हन."

मावशी झाल्यावर परवानगी मिळाली. त्या गृहस्थांनी स्वतः पोतं उचलून सीटवर ठेवलं, खाली पुठ्ठा घातला. पोत्याच्या तोंडातून थोडा तांदूळ नव्या मॅटवर सांडलाच. 

पोलादपूर ओलांडून बोगद्याकडचा चढ लागेपर्यंत मी खूश होते. उंचावरून रस्ता छान दिसत होता. मी मनातल्या मनात वाडीत शिरतेय, पोरं मागून धावतायत, असं चाललं होतं. चढ सुरू झाला, इंजिन भरल्या आवाजात कुंथायला लागलं.

बाजूच्या सीटवरून आत्या म्हणाल्या, "हात का गेला?"

मी बघितलं. माझं बोट एसीच्या बटणावर होतं. दाबूनही झालं होतं.

"चढ आला ना, आत्या."

"मंजे ही बी तसलीच."

मी म्हटलं, अहो सवयीनं गेला हात. माझा जीव त्या उंच गाडीत अडकला होता. पण आत्या मागे बसलेल्या त्या गृहस्थांकडे वळल्या. "खरं सांग. जावेच्या माहेरचा हायस."

त्यांनी टाय सैल केला. "मावशी, खरं सांगायचं तर इंजिन छोटंच आहे, अंग तेवढं मोठं. गावातल्या गावात ठीक. पण तुम्ही कायम हायवेला, असा लोड घेऊन जाणार असाल तर आमची दुसरी, टर्बो इंजिनची बघा, चढावर जोर देते. बसकी आहे, दिसायला एवढी नाही. अॅव्हरेजही कमी देईल, हे आत्ताच सांगून ठेवतो."

तेवढ्यात ह्यांचा फोन. "अॅव्हरेज विचारलंस का?"

आत्यांनी फोन हातातून घेतला. "अॅव्हरेज तू मोजत बस. विहीणबाईंचा डोळा कसा मोजतोस ते घरी आल्यावर सांग." आणि ठेवून दिला.

परत महाडला आलो. बसक्या गाडीत पोतं चढेपर्यंत आत्यांनी माझ्या आईला फोन लावला. "विहीणबाई, नवा तांदूळ काढलाय तुमच्यासाठी. स्टँडवर येऊन घेऊन जा."

मी म्हटलं, "आत्या, ती नाही यायची."

"येनार. फुकटचं घेत नाय ती, आनि मला नाय म्हनत नाय. परत द्यायला कायतरी घेऊन येईल."

आली. पोलादपूरच्या स्टँडवर, जिथे महाबळेश्वरकडे जायचा बोर्ड आहे, त्याच्या खाली आई कुळथाची पिशवी घेऊन उभी. आत्या त्या बोर्डाकडे बघत उतरल्या. "लग्न झाल्यापासून हा बोर्ड बघतेय. वर काय हाय, देव जाने." मग आईला म्हणाल्या, "या, बसा पुढं. घरापर्यंत सोडतो."

पुढची सीट आत्यांची. त्यांच्या पायाला मागे अवघडतं, म्हणून ती कधी कुणाला मिळत नाही. त्या स्वतः मागे पोत्याशेजारी, त्या गृहस्थांच्या बाजूला जाऊन बसल्या.

"कुनाची गाडी?" आईला संशय आला.

"बसा हो. का घाबरल्या विहीणबाई?"

"घाबरायला काय झालं? तुमच्या मुलाला पोरगी दिली तवा नाय घाबरले."

"ती हिंमत मातर मोठी," आत्या म्हणाल्या, आणि टपरीवरून घेतलेला चहाचा कागदी कप आईच्या हातात दिला. "प्या जाता जाता."

 ही शेवटची संधी, एवढंच माझ्या डोक्यात. आता आई एकदा जरी घाबरली, तर ती परत माझ्याच काय, कुणाच्याच गाडीत बसणार नव्हती.

वाडीचा फाटा आला, तरी मी सरळ पुढे घेतली. चढ लागला. पुढे एक कंटेनर धापा टाकत चालला होता. आईनं आवाज ओळखला. डाव्या हातात चहा आणि उजवा हात पुढे आला, चाचपडत, एसीच्या बटणाकडे.

"राहू दे, आई," मी म्हटलं.

आरसा बघितला. मागे रस्ता मोकळा. इंडिकेटर दिला, उजवीकडे घेतली आणि पाय दिला. गाडीनं मला सीटला मागे टेकवलं. कुंथणं नाही, थरथर नाही. कंटेनरचं एक चाक, दुसरं चाक, मग त्याचा दरवाजा, मग नुसता डोंगर. डावीकडे परत आले तेव्हा तो आरशात एवढासा झाला होता. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण तोंडातून "हां!" असं काहीतरी निघालंच.

थोड्या वेळानं आई म्हणाली, "तो मोठा गाडा कुठं गेला गो?"

"मागं राहिला."

"कदी?"

"मघाशीच."

 मग मागून आत्या, "विहीणबाई, चहा सांडला काय?"

आईनं कप वर धरून पाहिला, एक घोट घेतला. "साखर कमी हाय," म्हणाली. मी समजले. आमच्या घरात होकार असाच देतात.

गाडी घेतली. बसकी, टर्बो, रायगडच्या नंबरची. वाडीत नेली तेव्हा एक चुलते म्हणाले, "एवढी नाचलात, आनि आनली ही बुटकी?" माझ्याआधी आईच बोलली, "भावजी, बुटकी हाय, पन चढावर बसा. मग बोला."

त्यानंतर एकही सुई चुकलेली नाही. मी अजून भित्रीच आहे, हँडब्रेक अजून दोनदा बघते. पण पंपावरून हायवेवर घुसताना, चढावर ट्रेलर आला तर, पायाखाली काहीतरी शिल्लक आहे हे ठाऊक असतं. भीती तेवढ्यावर गप्प बसते. चुकलेल्या सुईनं जे नेलं ते सगळं आलं नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण सूज उतरली.

परवा खानावळीत आई ताटावर बसली होती. भोवती कंपनीची माणसं जेवत होती. तिनं भाकरी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मधी जळलीय गो तुझी भाकरी!"

सगळे हसले.  आत्या तव्यापासून उठून आल्या, ती भाकरी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "जळलीयच. देवा, जळलीच हाय," आणि पदरानं डोळे पुसले.

पुढची सीट आईला देऊन आत्या अजून मागेच बसतात, पोत्याशेजारी, पाय आखडून. पुढे बसा म्हटलं तर म्हणतात, मला काय, मी कशीबी बसते. आम्ही दर महिन्याला त्या बोर्डाखालून जातो, आणि दर महिन्याला घाई असते: सुई, खानावळ, ह्यांची शिफ्ट. पण एक दिवस मी पोलादपूरला गाडी त्या बोर्डाच्या दिशेनं वळवणार आहे. त्या दिवशी गाडीत पोतं नसेल. आत्या पुढे बसतील, पाय लांब करून, आणि मी त्यांना आंबेनळी घाट चढवून वर महाबळेश्वरला नेईन. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, आधी तांदूळ ठेव गाडीत.

तेवढं मात्र मी ऐकणार नाही.