कानाला हेडफोन, दाराशी लेक

"आवाज आला की बोट वर करायचं. अगदी बारीक आला तरी करायचं. पण अंदाजाने करू नका हं, मला कळतं."

दवाखान्यातल्या त्या बंद खोलीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगायचा. एकतीस वर्षं लोकांचे कान तपासण्यात गेली होती. दवाखान्यात त्याला कानमास्तर म्हणत, तोंडावरसुद्धा, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

स्वतःचे कान त्याने दोन वर्षांपूर्वी जेवणाच्या सुट्टीत, दाराला आतून कडी घालून तपासले होते. वरच्या पट्टीतले आवाज डाव्या कानाला येतच नव्हते आणि उजवाही त्याच वाटेला लागला होता. आलेखाच्या कागदाची त्याने बारीक घडी केली, ती खिशात कोंबली आणि दुपारच्या पहिल्या पेशंटला हाक मारली. कोणाजवळ काही बोलला नाही. बोलायला तरी कोण होतं? बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी धरणाच्या कामावर इंजिनिअर होती, बसने चार तासांवर. फोनवर तिला असं काही सांगायचं त्याच्या जिवावर आलं.

त्याला नाद एकच, रेडिओचा. गच्चीवर तारेची अँटेना आणि आतल्या खोलीत टेबलावर यंत्र. त्याला बोलण्यापेक्षा मोर्सच जास्त आवडायचं, कळ दाबून टकटक करत पाठवायचे संदेश. वर्षातून एकदा त्याची मोठी स्पर्धा असे, शनिवारी दुपारी एक ते रविवारी दुपारी एक. जगभरातल्या हौशी रेडिओवाल्यांनी एकमेकांना गाठायचं, आपली खूण सांगायची, हा आपला कितवा संपर्क तो आकडा द्यायचा, समोरच्याचा घ्यायचा आणि पुढे सटकायचं. कसा आहेस, काय चाललंय, असलं काही विचारायचं नाही. त्याला वेळच नसतो.

बायको म्हणायची, "दिवसभरात दोनशे जणांशी बोलतोस आणि एकाच्याही घरचं तुला काही ठाऊक नसतं. कमाल आहे बाबा तुझी."

म्हणायची, पण स्पर्धेच्या दिवशी चहाचा कप हाताशी आणून ठेवायची. फोन वाजला, दारावर कोणी आलं, की खांद्यावर दोन बोटं टेकवायची. ती असताना हेडफोन लावून बसण्यात काही धोका नव्हता.

यंदा शनिवारी त्याने सकाळीच पाव, उकडलेली अंडी आणि पाण्याच्या बाटल्या टेबलाखाली मांडल्या. मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला आणि तिथेच राहू दिला. रिसीव्हरचा सूर त्याने आणखी खाली, जाडसर घेतला. दरवर्षी तो थोडा खाली येत होता. हात आपोआप बटणाकडे जायचा आणि तो त्याकडे बघायचं टाळायचा.

संध्याकाळपर्यंत लांबलांबची स्टेशनं भराभर लागत गेली. मध्ये तीनेक तास तो खुर्चीतच कलंडला, पहाटे मान आखडून जागा झाला आणि परत बसला. रविवारी सकाळी तर नशीब फळफळलं. लोक त्याला हाक मारायला अक्षरशः रांग लावून उभे होते. डोळे मिटून, एक हात कळीवर आणि एक हात पेन्सिलीवर ठेवून तो लिहीत गेला. दुपारी एक वाजता त्याने हेडफोन काढला तेव्हा वहीत दोनशे बावन्न संपर्क होते. इतके त्याच्या आयुष्यात कधी झाले नव्हते.

"दोनशे बावन्न," तो मोठ्याने म्हणाला. घरात ते ऐकायला कोणी नव्हतं.

मग पेपर घ्यायला तो दाराशी गेला. पेपरवर एक चिठ्ठी पडली होती, फटीतून आत सरकवलेली.

"बाबा, वीस मिनिटं बेल दाबतेय, दारही बडवलं. फोन उचलत नाहीयेस. घाबरले असते, पण तुझ्या कळीची टकटक इथे बाहेर ऐकू येतेय, म्हणजे धडधाकट आहेस. परतीची बस अकराची आहे. निघते. १०.४०."

तो तसाच आतल्या खोलीत गेला आणि त्याने वही उघडली. वहीत प्रत्येक संपर्कापुढे वेळ लिहिलेली असते. दहा वीस ते दहा चाळीस, या वीस मिनिटांत त्याने अकरा जणांना गाठलं होतं. अकरा ओळी, सुबक अक्षरात.

त्याने फोन लावला.

"उठलास का टेबलावरून?" ती बसमध्ये होती, मागे इंजिनाची घरघर येत होती.

"अगं, येतेस म्हणून सांगायचं तरी."

"कालपासून सहा वेळा फोन केला. बाबा, माझी बदली झाली. वरच्या खोऱ्यात नवीन धरण आहे, तिकडे. दोन वर्षं तरी. उद्या पहाटे निघायचंय. म्हटलं, फोनवर नको, समोर बसून सांगू."

मग तो म्हणाला, "मला बेल ऐकू आली नाही."

"हेडफोन होता ना."

"हेडफोन होताच. पण नसता तरी आली नसती. ती चिमणीसारखी वाजते, बारीक. तसलं मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

त्याने फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला घेतला.

"दोन वर्षं?" ती म्हणाली. "आणि दर रविवारी मी विचारते, बाबा तब्येत कशी, तर म्हणतोस झकास?"

"स्पर्धेतसुद्धा आम्ही सगळ्यांना झकासच सांगतो," तो म्हणाला, "नीट ऐकू येवो न येवो." विनोद फसला. ती हसली नाही. रडतेय की काय, तेही त्याला नीट कळेना, कारण तिचा आवाज बारीक होता.

"मशीन लावून घे कानाला," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्यांना लावतोस ना? आणि मी सुट्टी मिळाली की येते. दिवाणखान्यातच बसत जा तोवर, दार बडवलेलं तरी ऐकू येईल."

फोन ठेवल्यावर त्याने अंडं सोललं, पण खाल्लं नाही. मग माळ्यावरचा खोका काढला. त्यात वायर होती, होल्डर होता, लाल बल्बही निघाला. संध्याकाळी चारपर्यंत खपून त्याने बेलच्या जोडणीतून वायर आतल्या खोलीत आणली आणि रेडिओच्या डोक्यावर बल्ब बसवला.

आता तपासायचं कसं? त्याने बाहेर जाऊन बटण दाबलं आणि धावत आत आला. बल्ब विझलेला. पुन्हा दाबलं, पुन्हा धावला. तिसऱ्या खेपेला धाप लागली आणि स्वतःचंच हसू आलं. अखेर तो एक जिना चढून वरच्या मजल्यावर गेला. तिथे एक निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत. सात वर्षांच्या शेजारात त्यांच्याशी नमस्कारापलीकडे बोलणं झालं नव्हतं.

"बाई, जरा खाली येऊन माझ्या दाराची बेल दाबाल का?"

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही घरात असणार की बाहेर?"

"घरात. आत."

बाई चपला घालून खाली आल्या. तो आत जाऊन खुर्चीत बसला. बल्ब लागला, तांबडा लख्ख. तो बघत राहिला.

बाहेरून बाई ओरडल्या, "किती वेळ दाबून धरू?"

"थोडा वेळ धरा," तो म्हणाला.