ऐकणाऱ्या पार्बताबाई

पार्बताबाईंची आणि माझी पहिली गाठ कापसाच्या ढिगाआड पडली. अमेरिकेत लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि त्यामुळे आमच्या वऱ्हाडी कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अमरावतीच्या एका वखारीत मी काट्यावर कारकून होतो. वय वीस-बावीस, आवाज बरा, आणि त्या आवाजाचा मला गर्व. दुपारी गाड्या यायच्या थांबल्या की मी पुस्तक काढून मोठ्याने वाचत बसे. पलीकडे चरकीवर सरकी काढणाऱ्या बाया बसलेल्या असत. एके दिवशी ढिगाआडून कोणीतरी म्हणाले, "भाऊ, जरा दमानं वाचा. आमी बी ऐकून राहिलो. तुमी लयच पयता."

त्या पार्बताबाई. मला राग आला होता, हे कबूल करतो. पण दुसऱ्या दिवशी मी सावकाश वाचले.

पुस्तके मला शाळेतले एक मास्तर देत. त्यांची अट एकच होती: पुस्तक परत करताना ते कसे वाटले हे सांगायचे, आणि माझेच मत नव्हे, ऐकणाऱ्यांचेही. बायांची मते मी त्यांच्या कानावर घाली. पार्बताबाईंचे मत ऐकल्यावर मास्तर म्हणाले, "या बाईंना माझ्याकडे पाठवत जा. मध्ये तू नको." तेव्हापासून पुस्तक संपले की पार्बताबाई रविवारी शाळेच्या ओट्यावर जाऊन मास्तरांना आपले मत सांगू लागल्या. आज आपण ज्याला वाचकमंडळ म्हणतो त्याची सुरुवात या ओट्यावर झाली. मंडळाच्या अहवालात तसे लिहिलेले नाही, म्हणून इथे नोंदवतो.

बाईंना अक्षर ओळखता येत नाही. तरी गेली तीस-बत्तीस वर्षे अमरावतीत आणि अकोल्यात कोणतेही नवे पुस्तक त्यांनी ऐकल्याशिवाय आमची चर्चा पुरी होत नाही. अकोल्याच्या एका वकीलसाहेबांनी आपली कादंबरी बैठकीत स्वतः वाचून दाखवली होती. नायिका पाच पाने रडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, "रडली, बरोबर हाये. पन एवढ्या वख्तात चूल कोनं पेटवली?" वकीलसाहेबांनी घरी जाऊन ते प्रकरण पुन्हा लिहिले. माझी आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा बाई दीड महिना रोज संध्याकाळी येत आणि ऐकलेली पुस्तके तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत. आईला माझ्या वाचनापेक्षा ते आवडे.

आता जे सांगायचे ते आजच्या मंडळातल्या कोणाला ठाऊक नव्हते.

तेजीच्या त्या वर्षांत आमच्याकडे अजून आगगाडी पोचली नव्हती. खानदेशात जिथवर ती आली होती तिथवर कापूस बैलगाड्यांनी न्यावा लागे. पार्बताबाईंचे यजमान गाडीवान होते. ते दिवाळीनंतर कापूस घेऊन गेले, ते होळी झाली तरी परतले नाहीत. बरोबरचे गाडीवान नीट काही सांगेनात. एक म्हणे, वाटेत मागे राहिला. दुसरा म्हणे, दुसऱ्या मालकाकडे लागला. चांदूर बाजारहून बाईंचे भाऊ स्वतःची गाडी घेऊन आले. "चाल बाई, रस्त्यानं पुसत पुसत जाऊ," असे त्यांचे म्हणणे होते. बाई म्हणाल्या, "हे पुस्तक सरू दे, मंग सांगतो."

त्याच दिवसांत मी एका व्यापाऱ्याच्या बायकोची गोष्ट वाचत होतो. नवरा परदेशी जातो, ती घर सोडत नाही. शेवटी कळते की तो दूरच्या धर्मशाळेत आजारी पडला होता, तिची वाट पाहत होता आणि तिथेच गेला. शेवटचे प्रकरण मी घरी आधी वाचले होते. वखारीत वाचताना मी दोन पाने उलटली आणि माझ्या पदरचे घातले: व्यापारी दारात येऊन उभा राहतो आणि बायको पाण्याचा तांब्या पुढे करते.

बायांनी चरक्या थांबवल्या.  संध्याकाळी पार्बताबाईंनी भावाला गाडी जुंपायला लावून एकट्यालाच परत पाठवले. "थांबली तिचा आला," एवढेच त्या म्हणाल्या.

मास्तर तेव्हा सुटीत गावी गेले होते. अडीच महिन्यांनी ते परतले आणि बाई ओट्यावर मत सांगायला गेल्या. तांब्याचे ऐकून मास्तर चकित झाले. असे पुस्तकात कुठेच नाही, म्हणाले. बाई तडक वखारीत आल्या. "पुस्तकात लिवलं हाये ते वाचा," म्हणाल्या. मी वाचले. त्यांनी उभ्यानेच ऐकले आणि दुसऱ्या दिवशी भावाला निरोप धाडला.

खानदेशातल्या एका धर्मशाळेत त्यांना यजमानांचे कांबळे मिळाले. गाडीचे चाक पायावरून गेले होते, जखम चिघळली होती. ते तिथे चार महिने पडून होते आणि बाई पोचण्याच्या अठरा दिवस आधी वारले. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर त्यांनी निरोप धाडले होते. एकही पोचला नाही.

बाई परत आल्या आणि पुन्हा चरकीवर बसल्या. मी काट्याशी मान खाली घालून उभा होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, मले दुख्ख होऊ नये म्हनून तुमी केलं, हे मले समजते. पन ते दुख्ख माह्यं होतं. तुमी काहून ठेवून घेतलं?" मग चरकी फिरवत म्हणाल्या, "दुसरं पुस्तक काढा. आता सारं वाचा." त्यानंतर हा विषय त्यांनी माझ्यापाशी काढला नाही आणि दुसऱ्या कोणाला सांगितलाही नाही. माझ्या वाचनाला लोक येत राहिले ते त्यांच्या या मौनामुळे. माझ्यावर त्यांचा याहून मोठा उपकार नाही.

मंडळ बाईंचा सत्कार करत आहे, त्या समारंभात हा लेख त्यांना वाचून दाखवला जाणार आहे. मंगल प्रसंगी एवढा भाग गाळावा, असे मंडळाच्या चिटणिसांनी लेख वाचून सुचवले. मी नकार दिला, कारण एक गोष्ट बाईंनाही ठाऊक नाही. मी ते सारे त्यांच्यावरच्या दयेने केले, असे त्या इतकी वर्षे धरून चालल्या आहेत. दया होती. पण त्या गेल्या तर उद्यापासून आपण वाचायचे कोणासाठी, हेही माझ्या मनात होते. बाकीच्या बाया ऐकत; मी वाचत असे ते पार्बताबाईंसाठी. पाने उलटताना माझ्या मनात हे आधी आले आणि दया मागाहून.

बाई, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, कान असेच तीक्ष्ण राहोत, आणि आमची बैठक तुमच्यावाचून कधी भरू नये, ही माझी आणि मंडळाची मनापासून इच्छा आहे. लेख ऐकून झाला की तुमचे मत सांगा. त्या वेळी मी समोरच बसलेला असेन, आणि तुम्ही जे म्हणाल ते सारे ऐकेन.