दादाची बुटकी फटफटी

माझ्या थोरल्या भावाचा डावा पाय लहानपणीच्या तापानं अधू झाला. पाय बारीक राहिला, उजव्याहून चार बोटं आखूडही. चालताना तो मांडीवर हात दाबून चालायचा. त्याच पायानं तो शाळा शिकला, आणि महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा संग्रामपूरच्या गुरांच्या दवाखान्यात नोकरीला लागला. तो डॉक्टर नव्हता, डॉक्टरांच्या हाताखाली होता. गावोगाव जाऊन बैलांना, म्हशींना लस टोचणं हे त्याचं काम. आईबाबा गावी शेतीवर होते. मी दादाकडे राहून शाळेत जायची आणि दोघांचा स्वयंपाक करायची.

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावांना एसटी कमीच जायची. सायकल दादाला जमत नव्हती. तेव्हा मामांनी आपली जुनी फटफटी त्याला देऊन टाकली. मामा खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि त्यांची नजर आता कमी झाली होती. गाडी दणकट होती, पण उंच. थांबवली की दादाचा डावा पाय जमिनीला पोचत नसे आणि गाडी नेमकी त्याच बाजूला कलंडत असे. कोपरं सोलून तो घरी यायला लागला, तशी मामांनी ओळखीच्या मिस्त्रीकडून गाडी खाली बसवून घेतली. मिस्त्रीनं मागच्या स्प्रिंगा आखूड केल्या, पुढची बाजू उतरवली, सीटमधला काथ्याही कमी केला. आता दादाचे दोन्ही पाय टेकू लागले. लोक तिला बुटकी फटफटी म्हणायचे.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. गाडी खाली आली, पण स्टँड होतं तेवढंच राहिलं. बाजूच्या स्टँडवर ती कलायचीच नाही. सरळ उभी राहून दुसऱ्या अंगाला आडवी व्हायची. राहिलं मधलं, दोन पायांचं स्टँड. ते पायानं दाबायचं आणि गाडी उचलून मागं ओढायची असते. पण गाडी बुटकी झाल्यामुळे आता तिला पहिल्यापेक्षा खूपच जास्त उचलावं लागे. धडधाकट माणसाला घाम फुटायचा. दादानं उजवा पाय स्टँडवर ठेवला की सगळा भार डाव्या पायावर यायचा आणि तो थरथरायला लागायचा.

घरी मी मागून कॅरिअर धरून उचलायची. बाहेरगावी त्याला कोणाला हात लावा म्हणायची लाज वाटे. कोणत्या गावात कोणत्या निंबाला, कोणत्या पाराला गाडी टेकवायची हे त्याचं ठरलेलं होतं.

दादासाठी मुली पाहणं सुरू झालं. पाय पाहून दोन-तीन घरांनी नकार कळवला होता. मग मामांनी पिंपळगाव राजा या गावाकडचं एक स्थळ आणलं. घर शेतकऱ्याचं, मुलगी सातवी शिकलेली. मामा आणि मी एसटीनं गेलो, दादा गाडीवर आला. आम्ही पोचलो होतो, ओसरीवर पाणी झालं होतं, तेवढ्यात तो अंगणात शिरला. पाहुणे येणार म्हणून भिंती नुकत्याच सारवलेल्या. ओल्या भिंतीला गाडी टेकवणं त्याला बरं वाटलं नसावं. त्यानं स्टँडवर पाय ठेवला आणि जोर लावला. गाडी चढली नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. ओसरीवरच्या सगळ्यांची नजर त्याच्या पायावर होती. मामा उठत होते, मीही उठले, पण आमच्या आधी आतल्या दारातून एक मुलगी पदर खोचत खाली उतरली. तिनं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं.

"तुमी पाय द्या नुसता," ती म्हणाली. "मांगचं माह्याकडे."

गाडी चढली. ती हात झटकून आत गेली, आणि मग थोड्या वेळानं तीच मुलगी डोक्यावर पदर घेऊन पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. तिच्या काकूचा चेहरा उतरलेला होता. दादा मान वर करून पाहायलाही तयार नव्हता. परत निघताना तो मामांना म्हणाला की इथून काही होकार येत नाही. होकार चार दिवसांत आला. तिच्या वडिलांच्या मनात नव्हतं, असं वहिनीनंच मला पुढं सांगितलं. पण मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, गाडी चढेना तरी माणूस कोणावर चिडला नाही, मला चालेल.

लग्नानंतरचं दीड-दोन वर्षांचं आमचं घर मला अजून लख्ख आठवतं. संध्याकाळी फटफटीचा आवाज कोपऱ्यावर आला की वहिनी चुलीवरचं उतरवून बाहेर जायची. तो पाय द्यायचा, ती उचलायची. दिवसभरात कोणत्या गावात काय झालं ते तिथंच, गाडीपाशी उभ्यानं बोलून व्हायचं. कोणाची म्हैस अडली, कोणी लस टोचायला बैलच दिला नाही, कोणी ताक पाजलं. मला आतून हाका माराव्या लागायच्या. बाजाराच्या दिवशी ती त्याच्या मागं बसून जायची आणि भर चौकात उतरून कॅरिअर धरायची. बायका हसायच्या. ती म्हणायची, हसू द्या.

तिला दिवस गेले तेव्हा दादानं तिला गाडीला हात लावू दिला नाही. मी लावायची, पण माझीही परीक्षा जवळ आली होती, आणि त्याला रोज कोणावर तरी अवलंबून राहणं नकोसं झालं असावं. एक दिवस तो खामगावला जाऊन स्टँडचे दोन्ही पाय खालून कापून घेऊन आला. आता ते बुटक्या गाडीच्या मापाचं झालं होतं. अंगणात त्यानं एकट्यानं गाडी चढवून दाखवली. वहिनी दारात उभी राहून पाहत होती.

"मंग आता माह्यं काय काम?" ती हसत म्हणाली.

दादाही हसला. पहिलं बाळंतपण म्हणून तिला माहेरी पोचवायचं ठरलेलंच होतं. तिचे वडील येऊन घेऊन गेले. एसटी सुटताना तिनं खिडकीतून मला लोणच्याची बरणी उन्हात ठेवायला सांगितलं.

कापसाचे दिवस होते. एके सकाळी कंडक्टरनं निरोप आणला की वहिनी अडली आहे, ताबडतोब या. दादा दौऱ्याला निघतच होता. त्यानं मला मागं बसवलं. रस्त्यात कापसाच्या गाड्यांची रांग होती, बैलांच्या बाजूनं वाट काढत आम्ही गेलो. खामगावच्या पुढं दादानं विचारलं, बाई, निरोप कालचा असंन का आजचा? मला माहीत नव्हतं.

अंगणात माणसं उकिडवी बसलेली होती. एक बैलगाडी जुंपलेल्या अवस्थेत उभी होती, तिच्यात गादी अंथरलेली. वहिनीला खामगावला न्यायचं होतं. नेणं झालंच नव्हतं. आम्हाला पाहून कोणी उठलं नाही, त्यावरून मला कळलं. दादालाही कळलं असणार. तरी त्यानं गाडी उभी केली, मी सवयीनं मागं हात घातला, पण माझे हात पोचायच्या आधीच गाडी एका दमात स्टँडवर गेली. मग तो आत गेला. बाळ मुलगी होती. तीही राहिली नाही.

त्यानंतर बरेच दिवस दादा पायीच दवाखान्यात जायचा. गाडीवर धूळ बसली. आई येऊन राहिली, बाबा येऊन गेले, दुसऱ्या लग्नाचंही कोणी कोणी काढलं. तो ताटावरून उठून जायचा, एवढंच उत्तर. मग एक दिवस तो गाडी घेऊन खामगावला गेला आणि मिस्त्रीला म्हणाला, स्टँडचे कापलेले तुकडे परत जोडून द्या. हे मला मामांनी सांगितलं. मिस्त्रीनं आधी नाही म्हटलं, आता कुठं गाडी नीट झाली म्हणाला. दादा दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. शेवटी मिस्त्रीनं तेवढ्या मापाचं लोखंड शोधून डागून जोडून दिलं आणि पुढं काही विचारलं नाही.

तो घरी आला तेव्हा गाडी पुन्हा चढेना. मी बाहेर जाऊन कॅरिअर धरलं आणि विचारलं, "दादा, काऊन केलं असं?"

"त्या दिवशी कशी चढली पाह्यली ना तू," तो म्हणाला. "जशी तिची काई गरजच नाई."

आम्ही गाडी चढवली आणि जेवायला बसलो.

पुढं एक फरक पडला. दौऱ्यावर तो झाडं आणि भिंती शोधेनासा झाला. गावात शिरला की जो दिसेल त्याला सांगायचा, जरा मागून हात लावा. लोक यायचे. उचलताना कोणी ना कोणी विचारायचंच, घरून कोणी येतं का मागं धरायला? तो सांगायचा, होती. मला हे तिकडच्या एका बाईनं सांगितलं, तेव्हा माझं लग्न होऊन मी चिखलीकडे गेले होते.

माझ्या लग्नानंतर त्यानं बदली मागून घेतली. जिल्ह्याचं हे टोक सोडून ते टोक, लोणार. गाडी मामांना परत दिली. तिथं तो एसटीनं हिंडायचा आणि जमेल तितका चालायचा. मी एकदा दोन दिवस त्याच्याकडे राहिले. खोली स्वच्छ होती. त्यानं स्वतः पिठलं केलं, भाकरीही थापली, कडा जरा तुटक्या होत्या. भिंतीवर त्यांच्या लग्नातला एकच फोटो होता, सगळ्यांचा मिळून, आणि नेमकी त्यात वहिनी हलल्यामुळे चेहरा पुसट आलेला.

जेवता जेवता तो थांबला आणि त्यानं मला विचारलं, "तिच्या गालावरचा तीळ डाव्या गालावर होता का उजव्या? मले कालपासून आठवून नाई राह्यलं."

एवढ्या वर्षांत तो माझ्यापाशी तिच्याबद्दल आपणहून पहिल्यांदाच बोलत होता. मी डोळे मिटून पाहिलं. मलाही नक्की आठवेना.

"डाव्या," मी म्हणाले.

"हाव," तो म्हणाला, "डाव्याच." आणि त्यानं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली.