अण्णांची एक ओळ

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. बायकोलाही सांगितली नाही. आता टाळण्याचाही शीण येतो, म्हणून लिहितो.

निवृत्तीनंतर मला जुन्या कार्यालयाने सल्लागार म्हणून परत बोलावलं. मोबाइलवरून पैशांचे व्यवहार करणाऱ्या कंपन्यांसाठी नियम तयार करायचे होते. बेंगळुरूत रोज नवी कंपनी निघत होती आणि आम्ही धापा टाकत तिच्यामागे.

कार्यालयाच्या फाटकाशी अण्णांचं झेरॉक्सचं दुकान होतं. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांचे डोळे गेले, पापण्या कायमच्या मिटल्या. आमच्यासारखंच त्यांचंही घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, घरात मराठी. त्या रस्त्यावर मी मराठी बोलायचो ते फक्त त्यांच्याशी.

आधी त्यांचा गल्ला मेहुणा सांभाळायचा. मग क्यूआर कोड आला, आणि जमा झालेली रक्कम मोठ्याने सांगणारा डबा आला. अण्णांनी मेहुण्याला होसकोट्याला, त्याच्या गावी, परत पाठवलं. "आता दहाची नोट देऊन कुणी पन्नासची म्हणत नाही, सर," ते म्हणाले. "डबा माझ्या बाजूचा आहे. मेहुणा कुणाच्या बाजूचा होता, देव जाणे."

त्याच सुमारास आमचा मसुदा जाहीर झाला. खातं चालू ठेवायचं तर माणसाने मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवायची, म्हणजे समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे हे कळेल. मसुद्यावर लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. मीच अण्णांना तो वाचून दाखवला. ते मशीनवर हात ठेवून ऐकत होते.

"स्वल्प लिहून घेता का, सर? ज्याच्या पापण्या उघडत नाहीत त्याने काय करायचं, एवढी एक ओळ त्यात घाला म्हणावं."

पत्र मी त्यांच्या काउंटरवर बसून इंग्रजीत लिहिलं. खाच पाडलेला पुठ्ठा कागदावर धरून त्यांनी सही केली.

आलेल्या सूचनांचा तक्ता करण्याचं काम माझ्याकडेच होतं. प्रत्येकीपुढे एक शेरा लिहायचा: मान्य, अमान्य किंवा नोंद घेतली. मान्य लिहिलं की कारणं द्यायची, कायदा विभागाचं मत मागवायचं, म्हणजे आणखी काही आठवडे. कंपन्यांना घाई होती. साहेब म्हणत होते, "अपवाद नंतर बघू, आधी नियम निघू दे." अण्णांच्या पत्राची पाळी आली तेव्हा मी दमलो होतो. ही सबब नाही, पण खरं आहे. मी लिहिलं, नोंद घेतली. हा शेरा पडलेला कागद आमच्याकडे पुन्हा कुणी उघडत नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

"माझी ओळ गेली का आत?" अण्णा विचारायचे.

"गेली," मी सांगायचो.

नियम लागू झाला. अण्णांच्या चेहऱ्यासमोर मोबाइल मीच धरला. फोनमधल्या बाईच्या आवाजाने चष्मा काढायला सांगितलं, त्यांनी काढला. मग डोळे मिचकावायला सांगितलं.

"तिला सांगा, दुकानात गर्दी आहे, पुढचं विचार," अण्णा म्हणाले. मी हसलो नाही. तीन वेळा तेच झालं आणि खातं बंद पडलं.

"ओळ राहिली वाटतं."

"पुढच्या परिपत्रकात येईल, अण्णा."

"सरी," ते कानडीत म्हणाले, म्हणजे ठीक आहे.

रोख पैसे घेऊन फिरणारं गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. महिन्याभरात मेहुणा परतला. क्यूआर त्याच्या नावाचा, डबाही त्याचा. अण्णा स्वतःच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू लागले. मी मागच्या फाटकाने जायला लागलो. पुढे मेहुण्याने दुकान विकलं आणि त्यांना होसकोट्याला नेलं.

काही वर्षांनी नियमात अपवाद आला. दुसऱ्या कुणीतरी झगडून तो मिळवला. त्यात माझा काही संबंध नव्हता. बातमी वाचली आणि मी होसकोट्याची बस धरली. वाटभर एकच वाक्य घोकत होतो.

दारात नुसता खाकरलो, तर आतून आवाज आला, "या, सर." अण्णांनी मेहुण्याला हाक मारून बसवलं. "हेच ते सर. बातम्यांत आली ती माझी ओळ यांनी आत घातली. उशीर लागला, पण घातली. सरकारी काम, तुला काय कळणार?" मग माझा हात शोधून दोन्ही हातांत धरला. "माझ्या उपयोगाची नाही आता. दुसऱ्या कुणाच्या तरी होईल."

मेहुण्याने कॉफी आणली. मी ती संपवली, साखर जास्त झाली असं म्हणालो, आणि शेवटची बस चुकेल म्हणून उठलो. शेवटच्या बसला अजून तीन तास होते.

अण्णा मागच्या वर्षी गेले. घोकलेलं वाक्य असं होतं: अण्णा, तुमची ओळ मी आत घातली नाही, तुमचं पत्र मीच बाजूला ठेवलं आणि तुमच्याशी खोटं बोललो, मला माफ करा.